पवनेकाठचा पिवळा गुन्हेगार

पुण्यातल्या आमच्या कचेरीत लोक झाडाचं नाव विचारायला येतात. हातात पिशवी, पिशवीत ओला फडका, फडक्यात एखादी फांदी, आणि आजारी लेकरू डॉक्टरकडे आणल्यासारखा चेहरा. चाकणचे एक शेतकरी दोन तोंडांचा कांदा घेऊन आले होते. गावात पैज लागली होती आणि त्यांना त्याचं शास्त्रीय नाव हवं होतं. मी म्हटलं, हा कांदाच आहे. ते म्हणाले, "ते आमालाबी म्हाईत हाय." एक वैद्यबुवा दर महिन्याला तीच मुळी आणतात आणि मी तेच नाव सांगितलं की खिन्न होऊन परत जातात. एकदा एका हवालदाराने जप्त केलेल्या गांजाचा भारा टेबलावर टाकला. मी पानं पाहिली, बोंडं पाहिली आणि म्हटलं, ही अंबाडी आहे, भाजी करतात हिची. हवालदार गंभीरपणे म्हणाला, "बाई, आरोपीनं कबुली दिलीय."

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, की अनुभव लिहिण्याएवढे केस माझे अजून पिकलेले नाहीत. त्यांचं उत्तर आलं, की तुम्ही भांडणं भरपूर केली आहेत, त्यातलं एक लिहा. तर हे त्यातलं एक.

आधी आमचा धंदा काय तो सांगते, कारण माझ्या सख्ख्या मावशीलासुद्धा वाटतं की मी सरकारी बागेत पाणी घालते. आम्ही रानात, नदीकाठी, डोंगरावर हिंडतो आणि झाडाझुडपांचे नमुने आणतो. मुळासकट, फुलासकट, जमलं तर फळासकट. ते टिपकागदांच्या घड्यांत पसरायचे, लाकडी चौकटीत घट्ट आवळायचे, कागद रोज बदलायचे. नमुना कोरडाठाक झाला की जाड कागदावर चिकटवायचा आणि कोपऱ्यात लिहायचं: कुठे मिळाला, कधी, कोणी आणला. असे हजारो कागद आमच्या कपाटांत आहेत. नवीन झाड आलं की भिंग आणि सुई घेऊन बसायचं, फूल सुटं करायचं, पाकळ्या, केसर, फळं पाहायची आणि कपाटातल्या जुन्या कागदाशी ताडून नाव ठरवायचं. नाव चुकलं तर पुढे सगळंच चुकतं. औषध चुकतं, चारा चुकतो, आणि एका फाल्गुनात पवनेच्या काठी मला कळलं की माणसांचा न्यायही चुकतो.

त्या फाल्गुनात एका सकाळी कचेरीच्या पायरीवर तीन बायका बसल्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या. तिघींच्या हातांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. पुढे होती ती गोदाबाई, पिंपळे गुरवची. उंच, काटक, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. तिने गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं.

"बाई, याचं नाव लिवून द्या. सरकारी कागदावर."

"आत या की, बसा."

"न्हाई. आमी हितंच बऱ्या. आत आलो तर तुमचा शिपाई खुर्ची धुवंल."

मग तिने चिंधी सोडून हात दाखवला. तळहातापासून कोपरापर्यंत फोड होते. काही फुटलेले, काही पाण्याने टरारलेले. उरलेल्या दोघींच्या नडग्यांवरही तसेच.

हकिकत अशी होती. पिंपरीला नव्या कारखान्यासाठी नदीवर पाणी उपसायचं ठाणं बांधायला घेतलं होतं. ठेकेदाराने काठचा चिखल आणि तण साफ करायला आसपासच्या गावांतल्या बायका लावल्या. गुडघाभर चिखलात उभं राहून हाताने तण उपटायचं, भारे करून डोक्यावरून वर न्यायचे. दोन-तीन दिवसांत अंगावर फोड उठले. मुकादमाने ते पाहिले आणि जाहीर केलं, की हा महारोग आहे, या बायका कामावर नकोत. बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. गावाने त्यांना पाणवठा बंद केला. हात दुखत असताना त्या लांबच्या डोहावरून पाणी आणत होत्या. येत्या आठवड्यात त्यांच्या जागी दुसऱ्या बायका लागणार होत्या.

महारोग असता तरी कोणाचं पाणी तोडायचा गावाला काय अधिकार होता, हे मी तिथल्या तिथे बोलले. गोदाबाईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते भाषान गावात करा. मला आदी नाव द्या. ह्या गवताचं काम हाय हे, माझ्या हाताला ठावं हाय."

मी गाठोडं उघडलं. आत हिरवा चिखल. पानं कुजलेली, फुलं गळलेली. यावरून नाव सांगणं म्हणजे राखेवरून लाकूड ओळखणं. मी म्हटलं, मी उद्या स्वतः येते.

आमचे साहेब हे सगळं खिडकीतून ऐकत होते. साठीला आलेले, कमी बोलणारे. म्हणाले, "बाई, जा. पण जाताना पत्रक लिहून जाऊ नका. आधी फूल बघा."

हा टोमणा होता आणि तो मला लागायचं कारण होतं. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, चिंचवडला छोटा छापखाना आहे. पायाने चालवायचं एक ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नव्हे, पत्रकांवर. परकीय सत्तेविरुद्धची पत्रकं, मग सावकाराविरुद्धची, मग गिरणीमालकाविरुद्धची. ओली पत्रकं दोरीवर वाळत असायची आणि मी खालून ती वाचत वाढले. त्यामुळे जगात काही वाईट झालं की त्याचा मथळा मला आधी सुचतो आणि कारण नंतर.

दुसऱ्या दिवशी सायकलवर पत्र्याचा डबा बांधून कामाच्या जागी गेले. आणि तिथे, उपसलेल्या चिखलाच्या कडेला, मला तो दिसला.

कशी सांगू ती गंमत. ज्या झाडाला आपण वर्षानुवर्षं कागदावर तपकिरी आणि चपटं पाहिलेलं असतं, ते अचानक समोर उभं असतं, हिरवंगार, रसरशीत, वाऱ्यात डोलत. गुडघ्याएवढं उंच. देठ जाड, पोकळ, दाबला तर आत बसणारा. खालची पानं तीन भागांत कापलेली, मोठ्या कोथिंबिरीची आठवण करून देणारी. वर इवलीइवली पिवळी फुलं, जणू कोणी वार्निश लावलंय अशी चकचकीत. मी चिखलात फतकल मारून बसले. लुगड्याचं काय व्हायचं ते झालं.

त्याच चिखलात आणखी एक पिवळ्या फुलांचं झाड पसरलेलं होतं आणि नवखा माणूस इथेच फसतो. दोघांनाही पाच पाकळ्या, दोघांच्याही मध्ये बारीक दाण्यांचा गोळा. मी चिमट्याने एकेक फूल उचललं आणि भिंग लावलं. त्या दुसऱ्याच्या फुलाखाली हिरव्या दलांची दोन वर्तुळं होती, एकाखाली एक, आणि पानाच्या बुडाशी दोन छोटे कान. म्हणजे ते गुलाबाच्या घराण्यातलं, निरुपद्रवी. माझ्या झाडाला कान नव्हते. हिरव्या दलांचं वर्तुळ एकच, तेही खाली देठाकडे वळलेलं. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी मधाचा एक बारीक खळगा. आणि पाकळ्या गळून गेलेल्या जुन्या फुलांत मधला गोळा लांब वाढलेला, शिंपिणीच्या बोटावरच्या टोपणासारखा, बारीक बारीक फळांनी खच्चून भरलेला.

या घराण्याला शास्त्रात रॅननक्युलस म्हणतात, म्हणजे बेडकाचं पिल्लू, कारण याचं कूळ पाण्याजवळ राहतं. आणि लांब टोपणाच्या या पिवळ्या भावाचं पुढचं नाव स्केलेरेटस. त्याचा अर्थ गुन्हेगार. कोणा जुन्या पंडिताने त्याच्या कातडी भाजण्याच्या करणीवरून ठेवलेलं नाव. मी चिखलात बसून मोठ्याने हसले. बायकांवर आळ घालणाऱ्या मुकादमासमोर मी नाव घेऊन जाणार होते, आणि नावातच कबुली होती.

तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. झाडं सगळ्यात दाट होती ती जिथे कारखान्याच्या यंत्रांचे खोके फोडून आतला पेंढा टाकला होता, तिथे. परदेशी खोके, परदेशी पेंढा. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. हे विष बाहेरून आलं. यंत्रांबरोबर आलं. नदीत पेरलं गेलं, आणि फोड मात्र पिंपळे गुरवच्या बाईच्या हातावर उठले.

नमुने चिमट्याने उचलून डब्यात घातले, घरी आले आणि थेट छापखान्यात गेले. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चिखल झालाय तुझा. म्हणजे काहीतरी मोठं सापडलंय."

मी सांगितलं. ते खिळे जुळवायची कांब घेऊन बसलेच. ‘परदेशी विष आमच्या नदीत’ हा मथळा त्यांनी सगळ्यात मोठ्या खिळ्यांत जुळवला. ते खिळे त्यांनी इंग्रज गेल्यापासून बाहेर काढले नव्हते. मजकूर मी उभ्या उभ्या सांगितला. कारखान्याच्या फाटकावर रविवारी वाटायचं ठरलं.

साहेबांना दुसऱ्या दिवशी नमुने दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिलं, नाव मान्य केलं. "आणि परदेशी कशावरून?"

"पेंढ्यापाशी दाट आहे."

"पेंढ्यापाशी चिखलही दाट असेल. बाई, एका जागेवरून झाडाचा देश ठरत नाही. नदी वर किती लांब पाहिलीत?"

मी पाहिली नव्हती. पण घाई दुसरीच होती. शनिवारी मुकादम नव्या बायका पाहायला येणार होता, गावातले म्हातारेही असणार होते. त्यांच्यासमोर सिद्ध करायचं होतं. मी माझा सर्वांत सुंदर नमुना निवडला. उन्हात आणि टिपकागदांत वाळवलेला, प्रत्येक पान पसरलेलं, फुलांचा रंगही टिकलेला. साहेबसुद्धा म्हणाले, छान दाबला आहे. आमच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही.

नदीकाठी वीस-पंचवीस माणसं जमली होती. गोदाबाई आणि तिच्या बरोबरच्या लांब एका बाभळीखाली. मुकादम शंकरराव म्हणजे जाड मिशीचा, पांढऱ्या टोपीचा गृहस्थ, बोलायला गोड.

"या, बाई. गुन्हेगाराला घेऊन आलात म्हणे."

मी कागद उघडून सगळं समजावलं. लोकांनी झाड ओळखलं, मान हलवली. शंकररावाने विचारलं, "आन ह्यानं फोड उठत्यात?"

"उठतात."

"मग लावा की." त्याने बाही सारली. मी एक पान चुरून, पाण्यात भिजवून त्याच्या मनगटावर चोळलं. तो बसला, विडी ओढली, नव्या बायकांशी गप्पा केल्या. बराच वेळ गेला. आम्ही सगळे त्याच्या मनगटाकडे बघत होतो. ते होतं तसंच राहिलं. वर त्याने उरलेला चुरा फडक्यात घालून हातावर बांधला आणि म्हणाला, उद्यापर्यंत ठेवतो, सरकारचा मान राहू द्या. मला तेव्हाच कळलं होतं की काही होणार नाही.

"बाई, ह्या वाळल्या मेथीनं माझं काय व्हनार न्हाई. रोग हाय तो. सरकारी मान्सानी तरी गावाला घोर लावू नये."

लोक हसले. नंतर हसू थांबलं आणि ते बाभळीकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्याने स्वतःच्या नातीला मागे ओढलं. गोदाबाई माझ्याजवळ आली, पण चार पावलं लांब थांबली.

"बाई, तुमचं गवातबी आमच्यावरच उलटलं."

मला सायकल चालवताना रडू आलं आणि रडण्याचा राग आला. मग मी एक हट्ट केला. फोडांचं कळत नव्हतं, पण परदेशी असल्याचं तरी मी सिद्ध करणार होते. कारखान्याच्या वर, नदीच्या उलट्या अंगाला हे झाड नाही, एवढं पाहिलं की झालं. बी पाण्याबरोबर खाली वाहतं, वर चढत नाही. वर नसेल तर ते खोक्यांतूनच आलं. मी पिंपरी मागे टाकली, चिंचवड आलं, माझं घर आलं, मी थांबले नाही. पाणी उथळ होतं तिथून नदी ओलांडून पलीकडे थेरगावच्या हद्दीत शिरले.

आणि सायकल टाकून दिली.

सबंध काठ पिवळा होता. कलिंगडाच्या वाफ्यांच्या कडेने, म्हशींच्या डुंबायच्या डबक्याभोवती, पाणी ओसरलेल्या प्रत्येक ओल्या पट्टीवर तोच, लांब टोपणाचा, चकचकीत पाकळ्यांचा. माझ्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या काठावर. मी लहानपणापासून ज्या पिवळ्या रेघेला मोहरीची म्हणत आले, ती ही होती.

कलिंगडाच्या वाफ्यातून एक म्हातारा काठी घेऊन आला. "कोन तू? जमिनीची मोजनी करायला आलीस का? सांगून ठिवतो, ही जागा कारखान्याला मिळनार न्हाई."

"नाही आजोबा, हे झाड बघायला आले."

"हे?" त्याला माझी कीव आली. "ह्यो तर माझ्या आज्यापासनं हाय. ह्याला काय बघायचं? पलीकडं वांगी बघ की, चांगली आलीत."

माझा मथळा तिथेच चिखलात बुडाला. आणि तरी, हे आज कबूल करायला हरकत नाही, मी आनंदाने नाचायच्या बेतात होते. झाड इथलंच होतं. आपल्या नदीचं, आपल्या चिखलाचं, कोणाच्या खोक्यातून न आलेलं. डबा मी बरोबर घेतला नव्हता. खांद्यावरची कापडी पिशवी होती, तीत मी हातरुमाल धरून हिरवे भारेच्या भारे कोंबले आणि ओली पिशवी दंडावर दाबत घरी आले.

सकाळी उठले तर दंड पेटला होता. पिशवी जिथे टेकली होती तिथे, तिच्या चौकोनी आकारात, लाल चट्टा आणि त्यावर पाण्याचे फोड. मी अंथरुणात बसून तो चट्टा बघत राहिले आणि मग ओरडलेच असावे, कारण आई धावत आली. तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, "आई, माझा हात बघ, किती छान भाजलाय."

रविवार होता तरी साहेबांच्या घरी गेले. त्यांनी माझा दंड पाहिला, उठले, एक जाडजूड ग्रंथ काढला आणि पानं उलटत बसले. मग बोट ठेवलं. ही वनस्पती हिरवी असताना जहाल, कातडी भाजणारी, गुरांनाही घातक. वाळली की विष नाहीसं होतं, गुरं ती खुशाल खातात.

"हे पुस्तक माझ्याकडे पंचवीस वर्षं आहे," साहेब म्हणाले. "हे वाक्य मी कधी वाचलं नाही. आपण सगळं वाळलेलंच बघतो ना."

मी एवढा देखणा नमुना वाळवला होता, म्हणूनच तो निर्दोष ठरला होता. असली चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते. शेतात राबणाऱ्याला कधी कोरडं झाड पुराव्याला न्यायचं सुचणार नाही.

तिथून छापखान्यात. अण्णा शाई लावत होते.

"अण्णा, थांबा. मजकूर सोडा."

"काय?"

"खिळे सुटे करा. झाड परदेशी नाही. आपलं आहे. थेरगावच्या काठाला भरलंय."

अण्णांनी रूळ खाली ठेवला. "सुमे, आपलं म्हटलं तर वाचणार कोण? परदेशी म्हटलं की माणूस उभा राहून वाचतो."

"खोटं उभं राहून वाचलं तरी खोटंच."

"कंपनीने तुला चहा पाजला का?"

"पाजला असता तर साखर कमी आहे म्हणून भांडले असते."

ते हसले नाहीत. मग एकेक खिळा उचलून केसीत टाकायला लागले, मोठे खिळे पहिल्यांदा. "मग गुन्हेगार कोण? झाड?"

"झाडाला कोणी सांगितलं होतं, बायकांच्या अनवाणी पायांना भाज म्हणून? ते आपल्या चिखलात उभं होतं. हिरवं असताना हाताने उपटायला लावलं माणसाने. वर त्यालाच रोग म्हटलं तेही माणसाने."

"हे लिही," अण्णा म्हणाले. "हे छापतो."

पत्रक झालं. छोटं, साध्या खिळ्यांत. झाडाचं चित्र मी काढलं, अण्णांनी ते घाईने लाकडात कोरून घेतलं. खाली मागण्या होत्या: तण लांब दांड्याच्या विळ्याने कापावं, काठावर उन्हात पुरतं वाळू द्यावं, मगच उचलावं, आणि बायकांना कामावर परत घ्यावं.

सोमवारी पुन्हा तीच माणसं, तोच काठ. शंकररावाचा हात शाबूत होता आणि तो सगळ्यांना दाखवत होता. मी बाही वर केली. चौकोनी फोड. लोकांत कुजबूज झाली. शंकरराव दोन पावलं मागे सरला.

"बघा. बाईंनाबी लागन झाली. त्यांच्यात मिसळल्या न्हवं का."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे माझ्यापासूनही लांब झाले. क्षणभर मी बाभळीखालच्या बायकांकडे पाहिलं आणि त्यांना रोज काय वाटत असेल ते मला कळलं. मग उत्तरही तिथेच सुचलं.

"शंकरराव, तुम्ही या बायकांजवळ कधी गेलात?"

"मी? दहा हात लांब ऱ्हातो."

"माझ्याजवळ?"

"आत्ताच सरलो की मागं."

"मग रोग असेल तर तुम्हाला व्हायचं कारण नाही. झाडाला तर तुम्ही घाबरतच नाही. परवा वाळलेलं बांधलंत, आज हिरवं बांधा. आपल्या हाताने तोडा, आपल्या हाताने बांधा. आम्ही कोणी शिवत नाही. पण आधी सांगते, हे भाजेल. नको असेल तर नाही म्हणा."

त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण समोर नव्या बायका होत्या, गावचे म्हातारे होते. तो ऐटीत चिखलाकडे गेला, कोवळा दांडा मोडला, चुरून परवाच्याच जागी ठेवला आणि वर रुमाल बांधला. "उद्या सकाळी हितंच. न्हाईतर बाईंनी माफी मागायची."

"मागेन," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी गर्दी दुप्पट होती. अण्णा पत्रकांचा गठ्ठा काखेत घेऊन आले होते, पण अजून वाटायला तयार नव्हते. सगळे वाटेकडे बघत होते. शंकरराव आला. सदऱ्याची बाही मनगटापर्यंत खाली, बटण लावलेलं. तो सरळ कामाच्या जागेकडे वळला.

गोदाबाई बाभळीखालून निघाली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. चार पावलं लांब.

"मुकादम, बाही वर करा."

"कामाचा टाइम झालाय, गोदा."

"करा की. लाजता काय."

त्याने केली. मनगटाभोवती रुमालाच्या पट्टीएवढे फोड उठले होते, टरारलेले, गोदाबाईच्या हातावर होते तसेच. ती पुढे होऊन, वाकून नीट पाहत राहिली, जशी मी भिंगातून पाहते. मग सरळ झाली आणि या बांधावरून त्या बांधावर जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई. मुकादम, आता आमच्या पाणवठ्यावर येऊ नगा हं. गावाला लागन व्हईल."

आधी नव्या बायका हसल्या. मग म्हातारे. शेवटी शंकरराव स्वतःच हसला, हात धरून, कारण दुखत होता. अण्णांनी गठ्ठा सोडला.

बायका त्याच आठवड्यात कामावर परतल्या. विळे आले, लांब दांड्याचे. तण कापून काठावर वाळायला लागलं. पाणवठाही खुला झाला, पण एका घराने पावसाळ्यापर्यंत त्यांच्या घागरीशेजारी घागर ठेवली नाही. ते माझ्या मनात अजून सलतं. कोणतंही भिंग तिथे चालत नाही. आणि ठाणं बांधून झालं तेव्हा तिथला चिखल भरून टाकला गेला. त्या जागेचा पिवळा गुन्हेगार आता फक्त आमच्या कपाटात आहे. थेरगावला तो अजून आहे, दर फाल्गुनात मी जाऊन बघून येते.

नमुन्याच्या कागदावर आणणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथे मी माझ्या नावाच्या वर गोदाबाईचं लिहिलं. साहेबांनी ते पाहिलं आणि खाली सही केली.

ती एकदा पुण्याला आली तेव्हा मी तिला तो कागद दाखवायला आत नेलं. या वेळी ती खुर्चीवर बसली. स्वतःचं नाव तिला वाचता येत नव्हतं, मी बोट ठेवून दाखवलं. झाडाकडे तिने लांबूनच बघितलं. मी म्हटलं, हात लावा, आता काही करत नाही. वाळलं की त्याचं विष जातं.

तिने तळवा अलगद त्या पानांवर ठेवला. मग वर पाहिलं. कपाटं, फायली, खुर्च्या, भिंगावर वाकलेली माणसं, आणि टेबलामागे बसलेली मी.

"म्हंजी हितं हपीसात आनून ठिवलं," ती म्हणाली, "की समद्याचंच इख जातं."

दुसऱ्या दिवशी मी सायकलला डबा बांधला आणि नदीवर गेले.